एलएस१ला जुना क्रँक बोल्ट पुन्हा लावू नका

क्रँकची (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची) पुली बदलून लहान कशी लावायची, यावरच्या लेखात 'पुली बदला, बोल्ट घट्ट करा' एवढंच आहे. एलएस१, म्हणजे जनरल मोटर्सच्या व्ही८ इंजिनावर, नेमकी तिथेच वाट लागते. या क्रँकला चावी (पुली घसरू नये म्हणून खाचेत बसणारा धातूचा तुकडा) नसते. पुली दाबून बसते आणि बोल्टच्या ताणावर टिकते. आधी पुली इन्स्टॉलरने (पुली बसवायच्या स्क्रूच्या हत्याराने) ओढून घ्या, हातोडा अजिबात नको, थ्रस्ट बेअरिंगला (क्रँकला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या बेअरिंगला) मार बसतो. मग जुन्या बोल्टने ३३० न्यूटन-मीटरवर पूर्ण बसवा, तो काढा, आणि नवा बोल्ट ५० न्यूटन-मीटरवर घट्ट करून वर आणखी १४० अंश फिरवा. एकदा ताणलेल्या बोल्टची पकड भरवशाची नसते.

रबर डॅम्पर नसलेली नुसती अॅल्युमिनियमची पुली कृपा करून घेऊ नका. क्रँकचे पीळ शोषायला काहीच उरत नाही. २५ टक्के लहान पुलीवर ८०० आरपीएमला अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) मूळ पुलीवर ६०० आरपीएमला फिरेल तेवढाच फिरतो, म्हणून एसी-दिवे लावून व्होल्टेज मोजाच. पट्टाही आखूड लागतो.