हा वाकणार नाही

गेल्या मंगळवारी सकाळी सव्वाआठला, वारज्याच्या मजूर अड्ड्यावर, एका काकूंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि शेजारच्या माणसाला सांगितलं, "हा नको. हा वाकणार नाही." आज शनिवार उजाडला तरी माझी गाडी त्या वाक्याच्या पुढे सरकलेली नाही.

मी तिथे काय करत होतो ते उरकून टाकतो. आमची स्टार्टअप गवंडी, प्लंबर, रंगारी, फरशीवाले अशा कारागिरांसाठी ॲप बनवते. त्यात मी नऊ जणांच्या टीमचा लीड. कारागीर ॲप घेतात, नाव टाकतात आणि तिसऱ्या स्क्रीनवर गळतात. ते का गळतात यावर आम्ही बाणेरच्या एसीत बसून सहा आठवडे आलेख काढले. शेवटी फाउंडर म्हणाले, "फील्डवर जा." स्वतः आले नाहीत, त्यांना इन्व्हेस्टरकडे जायचं होतं. मग मी आणि आमचा टेस्टर निघालो. लोकांत मिसळून जावं म्हणून मी मुद्दाम विटका टी-शर्ट घातला. टेस्टर चोवीस वर्षांचा, अजून आईच्या इस्त्रीतला. कडक शर्ट आणि गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. परिणाम असा की तो ठेकेदार दिसत होता आणि मी त्याचा माणूस.

काकू साठीच्या. स्कूटरच्या हुकला कोथिंबिरीची पिशवी, डोक्यावर हेल्मेट (पुण्यात! यावरूनच मी सावध व्हायला हवं होतं). गाडी बंद न करता त्यांनी पाच-सहा जण नजरेखालून घातले, मंडईत वांगी उलटीपालटी करतात तसे, आणि माझ्यापाशी थांबल्या.

"काय येतं रे तुला?"

"सॉफ्टवेअर."

"ते नको. टाकी धुता येते का? जमिनीतली आहे. तोंड दोन फुटी."

इथेच 'काकू, गैरसमज होतोय' म्हणून मोकळं व्हायचं. पण आमच्या डिझाइनवाल्या मुलीने आदल्या दिवशी तासभर बजावलं होतं की समोरचा बोलत असेल तर मध्ये तोडायचं नाही, गरज समजून घ्यायची. मी गरज समजून घेतली. "किती लिटरची?"

"पाच हजार. एकटाच आहेस?"

"नाही, टीम आहे. नऊ जणांची."

"नऊ? एका टाकीत नऊ जण उतरून करतात काय?"

हा प्रश्न आमच्या बोर्ड मीटिंगमध्ये जवळजवळ याच शब्दांत विचारून झाला आहे. तेव्हा मी 'समन्वय' असं उत्तर दिलं होतं. काकूंसमोर ते जिभेवर येईना.

"बरं, वेळ किती लावाल?"

"आमचं काम दोन-दोन आठवड्यांच्या टप्प्यांत चालतं," मी म्हणालो. सवयीने गेलं तोंडातून.

"दोन आठवडे! आणि तोवर आम्ही काय करायचं? उद्या सकाळी पाणी सोडणार आहेत. हात दाखव."

मी हात दाखवले. का दाखवले, माहीत नाही. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, इन्कम टॅक्स भरणाऱ्या माणसाने, भर रस्त्यात, शाळेतल्या नखांच्या तपासणीसारखे दोन्ही पंजे पुढे केले. काकूंनी उजव्या मनगटाखालचा माऊसने आलेला एकमेव घट्टा पाहिला आणि त्यांना माझी दया आली असावी.

"पाठबिठ बरी आहे ना?"

"खालच्या दोन मणक्यांत जरा गॅप आलाय, पण फिजिओ म्हणाला की..."

फिजिओ काय म्हणाला ते काकूंनी ऐकलं नाही. त्या टेस्टरकडे वळल्या आणि म्हणाल्या, "हा नको. हा वाकणार नाही. दुसरा दाखव."

आता माझा टेस्टर. ज्याचं अप्रेझल मी लिहितो. त्याने सांगायला हवं होतं की अहो काकू, हे आमचे सर आहेत. तो म्हणाला, "बरं काकू," आणि दुसरा दाखवला.

दुसरा म्हणजे पंचावन्न वर्षांचे, काडीसारखे एक गृहस्थ. आठशेवर सौदा ठरला. ते काकूंच्या मागे स्कूटरवर बसले, कोथिंबिरीची पिशवी मांडीवर घेतली आणि जाता जाता माझ्याकडे बघून मान हलवली. 'मिळेल, मिळेल तुलाही' अशा अर्थाची ती मान होती. ती मला काकूंपेक्षा जास्त लागली.

मणक्यांचा विषय निघालाच आहे तर सांगतो, ऑफिसने माझ्या पाठीसाठी खास खुर्ची घेतली आहे. वीस हजारांची, म्हणजे त्या गृहस्थांच्या पंचवीस हजेऱ्यांची. तिच्यावर बसूनच हा गॅप आला आहे.

असो. मग खरं काम. एक मिस्त्री चहा पीत उभे होते. मी ॲप उघडून त्यांच्या हातात दिलं आणि तिसऱ्या स्क्रीनवर डोळा ठेवला. तिथे आम्ही विचारतो : 'तुमचा ताशी दर'.

मिस्त्री हसले. "सायेब, तासावर सायकल मिळायची भाड्यानं. माणूस हजेरीवर मिळतो, न्हाय तर उक्त्यावर."

सहा आठवड्यांचे आलेख, आणि उत्तर दहा रुपयांच्या चहात. 'उक्तं' हा शब्द आमच्या ॲपमध्ये कुठेच नाही. एकूण काम पाहून एक रक्कम ठरवायची, मग दोन दिवसांत करा नाहीतर चार. घर बांधलेल्या कुठल्याही मराठी माणसाला हे ठाऊक असतं. आमच्या टीमने घरं बांधलेली नाहीत, फ्लॅट बुक केले आहेत.

पुढे 'प्लास्टर'चं चित्र आलं. मिस्त्रींनी फोन जवळ नेला, लांब नेला. "हे पाय मोडलेल्याचं हाय का?" चित्रात पांढऱ्या प्लास्टरातला पाय होता. कुणीतरी आयतं चित्र उचललं होतं आणि आठ महिने ते कुणालाच, म्हणजे मलाही, दिसलं नव्हतं.

मापांचं तर विचारूच नका. इंचाला आठ सूत, म्हणून मिस्त्री अर्ध्या इंचाला चार सूत म्हणतात. आमची यादी मिलिमीटरमध्ये. ब्रासवरून ऑफिसात भांडणच झालं होतं. वाळूचा ब्रास म्हणजे १०० घनफूट आणि प्लास्टरचा ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. आमचा एक डेव्हलपर हे मान्यच करेना. एकच एकक क्षेत्रफळही मोजतं आणि घनफळही, हे त्याच्या डेटाबेसमध्ये बसत नव्हतं. शेवटी त्याने ब्रास काढून टाकला. महाराष्ट्रातली बांधकामं ब्रासवर चालतात, पण डेटाबेस स्वच्छ आहे.

मग मिस्त्रींनी एकच प्रश्न विचारला. "मी कुठं, कवा कामाला होतो ते ह्यात ऱ्हातंय ना? मग त्याचा कागुद निघतो का?"

कागद कशाला, ते मला त्यांनीच समजावलं. बांधकाम कामगार मंडळात नोंद करायची तर मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ही अट १९९६ च्या कायद्यापासूनची. नोंद झाली की मुलांची शिष्यवृत्ती, अपघाताची मदत वगैरे. आता जो माणूस रोज अड्ड्यावर उभा राहतो, सोमवारी धायरीत फरशी बसवतो आणि बुधवारी कोथरूडला भिंत पाडतो, त्याने ९० दिवसांची जुळणी कुणाकडे करायची? मालक निघून जातात, ठेकेदार फोन उचलत नाही.

आमच्याकडे तारीख, पत्ता, मालकाचं नाव, काम सुरू झाल्याचा ओटीपी, सगळं पडलेलं असतं. मंडळ तो कागद मानेल का, हा पुढचा प्रश्न. पण निदान हातात धरून भांडता तरी येईल. कागद निघत नाही. पाच कामं झाली की स्क्रीनवर रंगीत कागदाचे तुकडे उधळतात आणि 'सुपरस्टार मिस्त्री' असा बिल्ला मिळतो. त्या उधळणीवर आम्ही तीन आठवडे घालवले आहेत, कारण स्वस्त फोनवर तुकडे अडखळत पडत होते.

"कागुद उडतोय म्हंजी," मिस्त्री म्हणाले, आणि उरलेला चहा संपवून कामाला निघून गेले. ॲप त्यांनी डिलीट केलं नाही. माझ्यासमोर केलं नाही, एवढंच.

मी ऑफिसात येऊन त्या दाखल्याचं तिकीट काढलं, म्हणजे टीमच्या कामांच्या यादीत ते काम नोंदवलं. फाउंडरनी त्यावर हृदयाची खूण टाकली आणि प्राधान्य 'लो' केलं. इन्व्हेस्टरला बिल्ला आवडला होता म्हणे.

काल डेमो होता. फाउंडर, दोन पाहुणे, मोठा पडदा. टेस्टरने नवं प्रोफाइल उघडलं तर नमुना कारागीर म्हणून माझा फोटो, विटक्या टी-शर्टातला. आणि खाली कुणी सांगितली नसताना टाकलेली एक नवी जागा : 'वाकता येतं का?' त्यापुढे 'नाही'वर टिक.

पाहुण्यांना ती जागा फार आवडली. खऱ्या गरजेतून आलेली दिसते, म्हणाले. टेस्टरला ती टाकायला बारा मिनिटं लागली होती, आणि सोमवारी ती ॲपमध्ये जाते आहे.