पाकाऐवजी आगळ वापरा

मॉकटेलवरच्या, म्हणजे बिनदारूच्या कॉकटेलवरच्या, तुमच्या लेखातल्या जवळपास सगळ्या पेयांत साखरेचा पाक आहे, म्हणजे शेवटी सरबतच. दारूचा घशाला लागणारा चटका भरून काढायला आंबट-तिखट हवं. आमच्या गोव्यात उन्हाळ्यात हुर्राक (काजूच्या बोंडांची हलकी दारू) लिंबू, मीठ आणि हिरवी मिरची घालून पितात. तोच थाट हुर्राक वगळून करा. ग्लासात दोन चमचे कोकमाचं आगळ (कोकमाचा खारा, घट्ट रस), थोडा आल्याचा रस, उभी चिरलेली मिरची, भरपूर बर्फ. सोडा अगदी शेवटी, नाहीतर ढवळताना फसफस निघून जाते. आगळात मीठ असतंच, वरून घालू नका. काजूच्या हंगामात ताजा नीरो (काजूच्या बोंडांचा न आंबलेला रस) मिळाला तर त्यात नुसतं लिंबू पिळा, पण त्याच दिवशी संपवा. आंबला की मॉकटेल कसलं!