चाइल्ड सीट कुठली घ्यायची हे नंतर, ती गाडीत बांधायची कशी हे आधी

नवं बाळ येणार असलं की मैत्रिणींचा फोन येतो आणि प्रश्न ठरलेला असतो : चाइल्ड सीट कुठली घेऊ? मी उलट विचारते, गाडी कुठली आहे? मागच्या सीटवर कोण कोण बसतं? गाडी चालवणारे किती जण आहेत? समोरची थोडी वैतागते, पण माझं मत पक्कं आहे. सीट निवडायच्या आधी ती गाडीला कशानं पकडून ठेवायची हे ठरायला हवं. नावाजलेली सीट ढिली बसली असेल तर तिचा भरवसा नाही, आणि साधी सीट नीट घट्ट बसली असेल तर ती मुलाला वाचवते. या विषयावर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. पोस्ट मोठी झाली आहे, पण घरात लहान मूल असेल तर पूर्ण वाचा.

आधी एक साधा हिशोब. ताशी ५० किलोमीटरनं जाणारी गाडी धडकून अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर आतल्या माणसाला थोपवून धरायला त्याच्या वजनाच्या साधारण वीसपट जोर लागतो. १० किलोच्या बाळासाठी हा जोर २०० किलोंचा होतो. म्हणून ‘मी घट्ट धरून बसेन’ या वाक्याला काही अर्थ नाही, ते कितीही मायेनं म्हटलेलं असो. आणि पुढची गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही : सीटलाही स्वतःचं वजन असतं. काही सीट १० किलोंच्या पुढे जातात. धडकेत गाडीला धरून ठेवायचं असतं ते मूल अधिक सीट असं सगळं ओझं. हे डोक्यात राहू द्या, पुढे लागणार आहे.

बांधायचे मुख्य मार्ग दोन. एक आयसोफिक्स, दुसरा गाडीचा नेहमीचा सीट बेल्ट. आयसोफिक्सचं आंतरराष्ट्रीय मानक १९९९ मध्ये आलं. मागच्या सीटची पाठ आणि बैठक जिथे मिळते त्या फटीत ६ मिलिमीटर जाडीचे दोन लोखंडी दांडे गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असतात, एकमेकांपासून २८० मिलिमीटरवर. सीटचे दोन हात त्यात जाऊन ‘खट्’ करून बसतात, बऱ्याच सीटवर हिरवी खूणही दिसते. अमेरिकेत याच कल्पनेला लॅच म्हणतात. तिथे बऱ्याच सीटना कडक हातांऐवजी हुक लावलेले पट्टे असतात, ते ओढून ताणावे लागतात.

यावरून एक समज पसरला आहे की आयसोफिक्स म्हणजे सुरक्षित आणि बेल्ट म्हणजे नाइलाज. मला हा समज मुळीच पटत नाही. दोन्ही पद्धती बरोबर वापरल्या तर दोन्ही मुलाला सांभाळतात. आयसोफिक्सचा मोठा गुण म्हणजे त्यात चूक व्हायला जागा कमी असते. हा गुण लहान नाही. घाईत, पावसात, कडेवर रडणारं मूल घेऊन सीट बसवताना तो फार मोलाचा असतो. पण मजबुतीत बेल्ट मागे आहे असं मानून बेल्टनं बसणारी चांगली सीट नाकारू नका. जो बेल्ट मोठ्या माणसाला धडकेत धरून ठेवतो, तो बाळाची सीट धरू शकतोच.

उलट आयसोफिक्सला एक मर्यादा आहे आणि ती दुकानात क्वचितच कुणी सांगतं : वजनाची. युरोपात तयार झालेल्या आर१२९ नियमात, म्हणजे ज्याला आय-साइझ म्हणून ओळखतात त्यात, आयसोफिक्सवर बसणाऱ्या आणि मुलाला स्वतःच्या हार्नेसनं, म्हणजे सीटच्याच पट्ट्यांनी, बांधणाऱ्या सीटचं आणि मुलाचं वजन मिळून ३३ किलोंच्या वर जाऊ शकत नाही. अमेरिकेत खालच्या अँकरसाठी, म्हणजे त्याच दोन दांड्यांसाठी, हा आकडा दोन्ही मिळून ६५ पाउंड, म्हणजे सुमारे साडेएकोणतीस किलो आहे. आता मघाचं ओझं आठवा. सीट १३ किलोंची असेल तर ३३ च्या हिशोबात मुलाला २० किलोच उरतात. म्हणून सीटवरच्या लेबलवर मुलाच्या वजनाची कमाल मर्यादा किती दिली आहे ते बघा. काही सीट त्या आकड्यानंतर बेल्टनं बसवून पुढेही वापरता येतात, काही नाही. हे घेतानाच विचारायचं असतं.

बेल्टनं बसवताना कळीचा मुद्दा असतो बेल्ट ‘लॉक’ कशानं होतो हा. गाडीचा बेल्ट एरवी मोकळा येतो-जातो आणि जोरात ब्रेक लागला किंवा धडक बसली तरच अडकतो. मोठ्या माणसाला हे सोयीचं असतं, पण अशा बेल्टखाली सीट दर वळणावर हलत राहते. म्हणून पुष्कळ सीटवरच बेल्ट दाबून धरणारं लॉक-ऑफ दिलेलं असतं. ते आहे का आणि एका हातानं बंद होतं का, हे मी सगळ्यात आधी बघते. काही गाड्यांचा बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला की परत आत जाताना कट-कट आवाज करत लॉक होत जातो. अमेरिकेत १९९६ पासूनच्या मॉडेलमध्ये अशी काही ना काही लॉकची सोय असते. तुमच्या गाडीत काय आहे ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. आणि हो, दोन मॅन्युअल वाचायची असतात, सीटचं आणि गाडीचं. एकात ‘चालेल’ आणि दुसऱ्यात ‘चालणार नाही’ असेल तर चालणार नाही.

बेल्टचा मार्गही नीट बघा. मुलाचं तोंड मागे असताना बेल्ट एका खाचेतून जातो, पुढे असताना दुसऱ्या. सीटवर बहुधा निळ्या आणि लाल रंगात तसं दाखवलेलं असतं. बेल्टला पीळ पडू द्यायचा नाही. बकलची मान (बकल ज्या देठावर असतं तो भाग) सीटच्या कडक कडेवर मोडून बसत असेल, तर त्या जागी ती सीट लावायची नाही. हा शेवटचा त्रास फोटो बघून कळत नाही, सीट त्या गाडीत ठेवल्यावरच कळतो.

मग घट्ट म्हणजे किती घट्ट? जिथून बेल्ट किंवा आयसोफिक्सचा पट्टा जातो तिथे सीट हातानं धरून, नेहमीच्या जोरानं डावीकडे-उजवीकडे आणि पुढे-मागे हलवायची. अडीच सेंटीमीटरपेक्षा जास्त हलली तर पुन्हा बसवायची. सीटचा वरचा भाग धरून हलवू नका. मागे तोंड असलेल्या सीटचा वरचा भाग थोडा हलतोच, त्यावरून नाहक घाबरायला होतं.

आणि ‘दोन्ही लावले तर दुप्पट सुरक्षित ना?’ हा प्रश्न हमखास येतो. नाही. कंपनीनं स्पष्ट परवानगी दिली नसेल तर आयसोफिक्स आणि बेल्ट मिळून सीट बांधायची नाही. ज्या पद्धतीनं सीट तपासली गेली, त्याच पद्धतीनं ती बसवायची.

आता ज्यासाठी मला खरं तर ही पोस्ट लिहायची होती, तो टॉप टेदर. पुढे तोंड असलेल्या सीटच्या पाठीमागून वरून एक पट्टा येतो आणि गाडीतल्या ठरलेल्या कडीत अडकवायचा असतो. ही कडी कधी मागच्या सीटच्या पाठीवर असते, कधी डिकीच्या जमिनीत, कधी मागच्या काचेखालच्या फळीत. कितीतरी गाड्यांमध्ये मी हा पट्टा सीटच्या मागे गुंडाळून ठेवलेला बघितला आहे. खाली ‘खट्’ झालं, हिरवं दिसलं, काम झालं असं लोकांना वाटतं. काम झालेलं नसतं. धडकेत सीटचा खालचा भाग जागेवर राहतो आणि वरचा भाग मुलासकट पुढे झुकतो. टेदर लावलेला असेल तर मुलाचं डोकं पुढे जाण्याचं अंतर १० ते १५ सेंटीमीटरनं कमी होतं. पुढच्या सीटची पाठ मुलाच्या डोक्यापासून किती लांब असते ते एकदा गाडीत बसून बघा, मग या सेंटीमीटरची किंमत कळेल. बेल्टनं बसवलेल्या पुढे तोंडाच्या सीटलाही टेदर दिलेला असेल तर तो लावायचाच. फक्त तो सामान बांधायच्या हुकात अडकवू नका. डिकीत दोन्ही शेजारी असतात, टेदरच्या जागेवर बहुधा नांगराची खूण असते. शंका आली तर मॅन्युअल बघा, अंदाज नको.

काही सीटना टेदरऐवजी सपोर्ट लेग असतो, सीटच्या पुढून गाडीच्या जमिनीवर टेकणारा पाय. कामही तसंच, सीटला गरकन फिरू न देणं. यात एक खाचखळगा आहे. काही गाड्यांत मागे बसणाऱ्यांच्या पायांखालच्या जमिनीत सामान ठेवायचे कप्पे असतात. त्यांच्या झाकणावर हा पाय टेकवायचा नसतो, कारण धडकेत झाकण आत जाऊ शकतं. कप्पेवाली गाडी असेल तर कंपनी काय सांगते ते बघा. काही ठिकाणी आत भरायचा ठोकळा मिळतो, काही ठिकाणी पायवाली सीट त्या जागी वापरूच नका असं सांगितलेलं असतं.

यानंतर प्रश्न येतो घरातल्या माणसांचा. आमच्याकडे गाडी मी चालवते, नवरा चालवतो, कधी माझे बाबा धाकटीला घेऊन जातात आणि तेव्हा सीट त्यांच्या गाडीत जाते. अशा घरात आयसोफिक्सच्या बाजूनं माझं मत जास्त झुकतं, कारण बाबांच्या गुडघ्यांना मागच्या सीटवर चढून बेल्ट ताणायचा त्रास होतो आणि त्यांना न जमणारी पद्धत माझ्या मुलीसाठी सुरक्षित नाही. पण तीन मुलं शेजारी-शेजारी बसवायची असतील तर बेल्टनं बसणाऱ्या अरुंद सीट बऱ्याचदा कामाला येतात. कारण आयसोफिक्सची जागा ठरलेली असते, सीट इंचभर सरकवता येत नाही. मधली जागा दोन्ही दारांपासून सारखी लांब, म्हणून ती चांगली हे खरं. पण बहुतेक गाड्यांत मध्ये आयसोफिक्स नसतं. डाव्या सीटचा एक दांडा आणि उजव्या सीटचा एक दांडा घेऊन मध्ये सीट बसवायचा उद्योग करू नका, गाडीच्या मॅन्युअलनं तसं स्पष्ट सांगितलं असेल तरच. मध्ये सीट बेल्टनं घट्ट बसत असेल तर उत्तम, डुगडुगत असेल तर कडेची घट्ट सीट बरी.

तोंड मागे की पुढे, यावर मात्र मी फार चर्चा करत नाही. सीटची उंची-वजनाची मर्यादा भरेपर्यंत मागे. जन्मतः बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळजवळ चौथा भाग असतं आणि मान कोवळी. समोरून धडक बसली की मागे तोंड असलेल्या बाळाची पाठ, मान, डोकं सगळं एकत्र सीटच्या पाठीवर दाबलं जातं, मानेला हिसका बसत नाही. १९६४ मध्ये स्वीडनच्या बर्टिल आल्डमन यांनी अशी पहिली सीट तयार करून बघितली. जेमिनी यानातले अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर पडून जोर झेलतात, त्यावरून त्यांना ती सुचली होती. आर१२९ मध्ये १५ महिन्यांपर्यंत मागे तोंड सक्तीचं आहे, पण ही किमान अट आहे. मूल पंधरा महिन्यांचं झालं म्हणून लगेच सीट फिरवायची नसते. ‘पाय दुमडतात हो बिचारीचे’ असं नातेवाईक म्हणतात. दुमडू देत, ती मांडी घालून मजेत बसते. आणि चालू एअरबॅगसमोर, पुढच्या जागेवर, मागे तोंडाची सीट कधीही लावायची नाही. याला अपवाद नाही.

मोठ्या मुलांच्या बूस्टरला, म्हणजे गाडीचा बेल्ट नीट बसावा म्हणून मुलाला उंच करणाऱ्या बैठकीला, आयसोफिक्सचे हात दिसले तर गोंधळू नका. तिथे ते फक्त बूस्टर जागेवर ठेवतात, मुलाला धरतो तो गाडीचा बेल्टच. तो खाली मांड्यांच्या वर, कंबरेच्या हाडांवर आणि वर खांद्याच्या मध्यावरून जायला हवा. पोटावर किंवा गळ्यावर येत असेल तर बूस्टर अजून सोडायचं नाही, मूल कितीही हट्ट करो.

सीट घ्यायला जाताना गाडी आणि मूल दोन्ही बरोबर घेऊन जा आणि आधी स्वतःच्या गाडीत बसवून बघा, विक्रेत्यानं नव्हे, तुम्ही स्वतः. घरात जो जो गाडी चालवतो त्या प्रत्येकानं एकदा सीट काढून पुन्हा बसवून दाखवायची, माझ्या आईबाबांनाही मी यातून सूट दिलेली नाही. आणि अपघातातून गेलेली किंवा जिचा इतिहास माहीत नाही अशी जुनी सीट कुणी प्रेमानं दिली तरी घेऊ नका.

आमचा थोरला आता आयसोफिक्सच्या वजनमर्यादेच्या जवळ आला आहे. त्याच्या सीटला बेल्टनं बसवायची मुभा आहे, म्हणून पुढच्या महिन्यापासून ती बेल्टनं बसेल आणि टेदर तसाच राहील. बेल्ट कसा घालायचा याचे फोटो मी काढणार आहे. कुणाला हवे असतील तर कमेंटमध्ये गाडीचं आणि सीटचं मॉडेल लिहा. तुमची मॅन्युअल उघडून बसा, मी जमेल तशी मदत करेन.