विज्ञान प्रदर्शनात क्रमांक मिळवू इच्छिणाऱ्या पालकांसाठी

दिवाळीची सुट्टी संपते न संपते तोच शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर ‘तालुकास्तरीय विज्ञान प्रदर्शनासाठी प्रतिकृती सादर करावी’ अशी सूचना येते. ती वाचताक्षणी सुजाण पालकाने आपल्या पाल्याला त्या विषयापासून दूर न्यावे. मुलाला चुकून विचारलेच, तर ते ‘गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दिवसभरात किती तापतं ते मोजू या’ असे काहीतरी बोलून बसते, आणि मोजायचे म्हटले की थर्मामीटर, वही आणि पंधरा दिवस लागतात. आपल्या हाताशी फक्त शनिवार-रविवार असतो.

विषय निवडावा तो अनेक वर्षे टिकून राहिलेला. खाण्याचा सोडा, व्हिनेगर आणि लाल रंग यांचा ज्वालामुखी लहान गटात हमखास चालतो. खऱ्या ज्वालामुखीत सोडा आणि व्हिनेगर यांपैकी काहीही नसते, परंतु फेस वर येतो आणि उद्घाटनाला आलेले पाहुणे ‘वा!’ म्हणतात. मोठ्या गटासाठी ‘प्रदूषणमुक्त गाव’ घ्यावे आणि ते आवर्जून थर्माकोलवरच उभारावे. २०१८ साली राज्य सरकारने थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आणली, त्यामुळे गणपतीच्या मखरासाठी तो मागताना दुकानात आवाज खाली आणावा लागतो. पर्यावरणाच्या प्रतिकृतीसाठी मात्र तो कुठून ना कुठून मिळतोच. पंख्याने डायनॅमो फिरवायचा आणि त्याच डायनॅमोवर पंखा चालवायचा, ही ‘मोफत वीजनिर्मिती’देखील अद्याप जुनी झालेली नाही. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम पाठ्यपुस्तकात असतो, प्रतिकृती टेबलावर असते आणि नऊ व्होल्टची बॅटरी टेबलाखाली असते; या तिघांची गाठ पडू न देणे एवढेच पालकाचे काम.

खर्चाची तयारी असल्यास पुण्यातील पालकांनी तपकीर गल्लीत आणि मुंबईतील पालकांनी लॅमिंग्टन रोडवर जावे. अंधांसाठीच्या ‘स्मार्ट काठी’ला लागणारे आर्डुइनो, सेन्सर आणि बझर तेथे एका खेपेत मिळतात. केंद्र सरकारच्या ‘इन्स्पायर अवॉर्ड मानक’ योजनेत तर निवड झालेल्या विद्यार्थ्याला आपली मूळ कल्पना प्रत्यक्षात आणण्यासाठी १०,००० रुपये मिळतात. त्यातील ‘मूळ’ या शब्दाने दचकू नये. जी कल्पना आपल्या तालुक्यात अजून कोणी यूट्यूबवर पाहिलेली नाही, ती मूळच म्हणायची.

आता प्रत्यक्ष बांधणीकडे वळू. हायड्रोलिक जेसीबीबाबत मी अधिकाराने बोलू शकतो, कारण आमच्या आठवीतील चिरंजीवांचा जेसीबी मी स्वतः केलेला आहे. इंजेक्शनच्या सिरिंजा, सलाईनची नळी, आइस्क्रीमच्या काड्या आणि पिवळा पोस्टर कलर एवढे साहित्य पुरते. एका बाजूचा दट्ट्या दाबला की नळीतले पाणी दुसऱ्या बाजूचा दट्ट्या ढकलते आणि यंत्राचा हात उचलला जातो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हा पास्कलचा नियम. आमचा हात मात्र अर्ध्यावर जाऊन लोंबकळत होता. रात्री साडेबाराला, जांभया देत शेजारी बसलेला मुलगा म्हणाला, “बाबा, नळीत बुडबुडा राहिलाय, म्हणून असं होतंय का?” अशा वेळी एकच उत्तर द्यावे, आणि मी ते दिले: “तू मध्ये बोलू नकोस. तू माहिती पाठ कर.”

माहितीची सुरुवात ‘नमस्कार, माझ्या प्रतिकृतीचे नाव’ अशीच असावी आणि श्वास थेट ‘धन्यवाद’नंतर घ्यावा. मध्ये थांबले की परीक्षक प्रश्न विचारतात. आमच्या टेबलापाशी आलेल्या बाईंनी तसा विचारलाच, “नळीत पाण्याऐवजी हवा भरली तर काय होईल?” चिरंजीवांनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि ‘नमस्कार’पासून पुन्हा सुरुवात केली. तरीही आम्हाला दुसरा क्रमांक मिळाला. पिवळा रंग फार सफाईदार बसला होता.

शेजारच्या टेबलाचे उदाहरण इशारा म्हणून सांगतो. तिथल्या मुलीने दह्याच्या रिकाम्या डब्यांत मटकी पेरली होती: काही डबे उजेडात, काही कपाटात. कपाटातली रोपे उंच, पांढुरकी आणि मान टाकलेली. वहीत रोजची उंची मिलिमीटरमध्ये लिहिलेली, त्यातल्या दोन नोंदी खोडलेल्या, आणि एका पानावर ‘आज पाणी घालायला विसरले’ असे स्वच्छ अक्षरात कबूल केलेले. दिव्यांची माळ नाही, फलक हाताने लिहिलेला. तिला सहभागाचे प्रमाणपत्र मिळाले. ज्या शोधासाठी आपण २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन साजरा करतो, त्याचे सुरुवातीचे काम रामन आणि कृष्णन यांनी कोलकात्यात सूर्यप्रकाश, रंगीत गाळण्या आणि स्वतःचे डोळे एवढ्यावर निभावले होते. एलईडीची माळ त्यांच्याकडेही नव्हती, हे तिच्या समाधानासाठी कोणी तरी सांगायला हरकत नव्हती. पण तोपर्यंत शाल-श्रीफळांचा कार्यक्रम सुरू झाला होता.

शेवटची सूचना प्रदर्शनानंतरच्या काळजीची आहे. बक्षीस घेऊन घरी आल्यावर त्याच रात्री चिरंजीवांनी जेसीबीच्या नळ्या सोडवल्या, एकीत पाणी आणि दुसरीत हवा भरली, आणि हवेच्या नळीचे दुसरे टोक अंगठ्याने बंद करून दट्ट्या दाबून सोडला की तो स्प्रिंगसारखा मागे कसा उसळतो, ते धाकट्या बहिणीला दाखवू लागले. दोघेही जेवायला येईनात. आपल्या घरी असा प्रसंग ओढवल्यास प्रतिकृती ताबडतोब ताब्यात घ्यावी, नळ्या पूर्ववत जोडाव्यात आणि ती माळ्यावर ठेवून द्यावी. पुढच्या वर्षी हिरवा रंग दिला की तीच ‘आधुनिक शेती’ या उपविषयात चालते.