‘पुस्तकाबाहेरचे लिहू नये’

लेक आठवीत आहे. इतिहासाच्या पेपरात प्रश्न होता, इंग्रजांनी भारतात रेल्वे का आणली? तिने कच्चा माल बंदरापर्यंत न्यायला, लष्कर हलवायला, ही पुस्तकातली कारणं लिहिली. खाली स्वतःच्या दोन ओळी घातल्या : ‘पण एका डब्यात सगळ्या जातींची माणसं शेजारी बसू लागली. इंग्रजांनी हे ठरवलं नव्हतं, तरी झालं.’

त्या ओळींवर लाल काट. बाजूला शेरा, ‘पुस्तकाबाहेरचे लिहू नये’. चारातले दोन मार्क गेले.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी आमच्या ठाण्यात येऊन थांबली. त्याच मार्गावर लेक माझ्याबरोबर लेडीज डब्यात चौथ्या सीटवर अर्धी टेकून जाते. विचार तिला तिथे सुचला होता, कुठल्या गाईडात नाही.

आणि मी काय म्हणाले? ‘पुढच्या वेळी त्यांना हवं तेच लिही.’ याचं मला अजून वाईट वाटतं.

तिने एवढंच विचारलं, ‘आई, पण ते चूक आहे का?’

मला माहीत नव्हतं. आपल्या ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासूनचं. कितीदा त्यावरून गेले असेन, पण पायरी चढले ती या प्रश्नासाठी. मग दोघी वाचतच सुटलो. पहिली गाडी धावली त्याच वर्षी कार्ल मार्क्सने लंडनहून एका अमेरिकन वर्तमानपत्रात लिहिलं होतं, की जाती ज्यावर उभ्या आहेत ती पिढीजात कामाची वाटणी रेल्वेमागून येणारे कारखाने मोडतील. १९०९ मध्ये गांधीजींनी मात्र रेल्वेला पार झोडपलं : तिने प्लेग पसरवला, धान्य चढ्या भावाच्या बाजाराकडे वाहून नेलं, दुष्काळ वाढवले. तेव्हाच्या गाड्यांत पहिला, दुसरा, तिसरा असे वर्गही होते. ते वाचून लेक जरा वेळ गप्प बसली. ‘म्हणजे माझं अर्धंच बरोबर. जातीचं नाही तर पैशाचं वेगळं बसणं होतंच.’

कुणी दटावलं नव्हतं, मार्क कापले नव्हते. तिचं मत तिने आपणहून दुरुस्त केलं. बुद्धीचं स्वातंत्र्य मी याला म्हणते.

बाईंपुढे साठ पेपरांचा गठ्ठा असतो, मला कळतं. पण काट मारायला लागतो तेवढ्याच वेळात समासात ‘कशावरून?’ लिहिता येतं. काटेने मूल गप्प होतं, त्या शब्दाने शोधायला लागतं. आणि आपण घरी तरी काय करतो? मोठ्यांना उलट विचारू नकोस, ग्रुपवर आलंय म्हणजे खरंच असणार. मीही कितीतरी मेसेज न तपासता पुढे पाठवलेत.

सहामाहीला हा प्रश्न पुन्हा येऊ शकतो. तिच्या दोन ओळींच्या आता चार झाल्यात. मी म्हटलंय, चारही लिही. मार्क गेले तर पेपर घेऊन बाईंकडे मी जाईन आणि तिचाच प्रश्न त्यांना विचारेन.