गुडघा, गोल आणि गोलमेज परिषद

फुटबॉलवर ऑनलाइन वाद घालायचा तर आधी फुटबॉल बघावा लागतो, असं तुम्हाला कोणी सांगितलं? जो कोणी असेल तो तुमच्या वाईटावर आहे. नव्वद मिनिटं सामन्याला डोळे लावून बसलात, तर तेवढ्यात बाकीची मंडळी चाळीस कमेंटी टाकून, प्रशिक्षकाला नारळ देऊन, नवा नेमून मोकळी झालेली असतात. शिवाय सामना बघण्यात एक मोठा धोका आहे. बघणाऱ्याला शंका यायला लागतात. ‘बचावपटू चुकला खरा, पण मधल्या फळीने त्याला एकटं सोडलं होतं,’ असलं काहीतरी तो लिहून बसतो. ‘खरा, पण’ असलेल्या वाक्याला आजवर कोणी बदाम दिलेला नाही.

तेव्हा सामना ज्यांना बघायचाय त्यांना बघू दे. तुम्ही शेवटचा निकाल बघा आणि हरलेल्या संघात सगळ्यात महागडा कोण होता तेवढं शोधून काढा. पुढचं आपोआप सुचतं. २०१७ साली पॅरिसच्या क्लबने नेमारसाठी २२ कोटी २० लाख युरो मोजले, तेव्हापासून त्याच्या प्रत्येक चुकलेल्या पासाला लोक त्या रकमेने गुणत आले आहेत. रक्कम त्याने मागितली की क्लबने देऊ केली, या तपशिलात शिरू नका.

तुमचा खरा कस लागतो तो खेळाडू जमिनीवर पडल्यावर. फिजिओ बॅग उचलून धावत निघतो आणि त्याच्यापर्यंत पोचतो, यात फार तर वीस-पंचवीस सेकंद जातात. तेवढ्यात तुमचं निदान झालेलं असलं पाहिजे. घाबरू नका, वैद्यकशास्त्र वाटतं तेवढं अवघड नाही. फक्त जर्सीचा रंग बघायचा. आपला पडला तर लिगामेंट, त्यांचा पडला तर नाटक. आपल्या माणसाने पाडलं असेल तर ‘हा धसमुसळा खेळ आहे, झेपत नसेल तर बुद्धिबळ खेळा’. त्यांच्या माणसाने पाडलं असेल तर आजन्म बंदी. २०१८ च्या मे महिन्यात कीव्हला चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात रेआल माद्रिदच्या रामोसच्या हातात हात अडकून लिव्हरपूलचा सालाह खांद्यावर आपटला. निम्म्या जगाला तो अपघात दिसला आणि निम्म्या जगाला कट. चित्रफीत एकच होती.

शब्दांची मात्र तयारी हवी. एप्रिल २००२ मध्ये डेव्हिड बेकहॅमच्या डाव्या पायातलं एक छोटं हाड मोडलं. विश्वचषक तोंडावर आला होता. त्या आधी मेटाटार्सल हा शब्द हाडांच्या डॉक्टरांपुरता होता, त्यानंतर तो अख्ख्या इंग्लंडच्या तोंडी बसला. पुढे रूनीने आपलंही मेटाटार्सल मोडून २००४ आणि २००६ अशी दोनदा उजळणी करून घेतली. हल्ली एसीएल (गुडघ्यातला एक अस्थिबंध) हे अक्षरत्रय जमलं तरी चालतं. तो तुटला की डॉक्टर तो शिवत बसत नाहीत. खेळाडूच्याच गुडघ्याच्या किंवा मांडीच्या कंडरेचा तुकडा काढून त्या जागी बसवतात. गंमत म्हणजे तो तुकडा आधी कमजोर होतो आणि मग महिनोन्‌महिने हळूहळू सांध्यात रुजतो, म्हणून खेळाडू पळताना अगदी ठणठणीत दिसला तरी डॉक्टर त्याला मैदानात सोडत नाहीत. हे तुम्हाला माहीत असेल तर कृपा करून कुठे बोलू नका. तुमचं म्हणणं एवढंच असलं पाहिजे: ‘जिममधले व्हिडिओ टाकतोय, म्हणजे खेळायचंच नाहीये. फुकटचा पगार.’ आणि नऊ महिन्यांनी तो परतला, तिसऱ्या सामन्यात त्याचा पहिला फटका बाहेर गेला, की लगेच: ‘पूर्वीचा राहिला नाही.’ हे तीन शब्द फोनमध्ये साठवून ठेवा, दर हंगामात लागतात.

आर्सेनलच्या सांती काझोर्लाला लोक ‘काचेचा’ म्हणत. ऑक्टोबर २०१६ मध्ये तो लंगडत बाहेर गेला. घोट्याच्या जखमेत जंतुसंसर्ग झाला आणि टाचेवरच्या कंडरेचा तब्बल आठ सेंटिमीटर भाग खाऊन गेला. जखम झाकायला डॉक्टरांनी त्याच्या हाताची कातडी काढून घोट्यावर लावली. त्या कातडीवर मुलीचं नाव गोंदलेलं होतं, ते अर्धं हातावर राहिलं आणि अर्धं पायावर गेलं. मुलाबरोबर बागेत चालता आलं तरी खूप झालं, असं त्याला सांगण्यात आलं होतं. २०१८ साली तो व्हियारेआलकडून पुन्हा खेळायला उतरला आणि २०१९ मध्ये स्पेनच्या संघातही परतला. आता असल्या माणसाबद्दल तुम्ही काय लिहिणार? म्हणून सांगतो, दुखापतीच्या बातमीचा मथळाच वाचावा. आत गेलं की माणूस हळवा होतो आणि हळव्या माणसाच्या हातून तडाखेबंद पोस्ट होत नाही.

ब्राझीलच्या रोनाल्डोचा किस्सा तर आपल्या धंद्याला सरळसरळ मारक आहे. एप्रिल २००० मध्ये गुडघ्याच्या दुखापतीनंतरची पाच महिन्यांची विश्रांती संपवून तो इटलीच्या इंटर क्लबकडून रोमला लाझिओविरुद्ध उतरला. सात मिनिटांच्या आत तोच गुडघा पुन्हा गेला. ‘संपला’ असं म्हणायला याहून चांगला मुहूर्त नव्हता आणि बऱ्याच शहाण्यांनी तो साधला. दोन वर्षांनी त्याने विश्वचषकात आठ गोल केले, त्यातले दोन जर्मनीविरुद्ध अंतिम सामन्यात. २००० साली स्क्रीनशॉट नव्हते, म्हणून त्या पिढीची अब्रू वाचली. तुम्ही मात्र जरा जपून.

आता थोडं स्वतःबद्दल. १९९४ चा विश्वचषक इटलीच्या रोबेर्तो बाज्जोने घालवला, हे माझं जुनं आणि लाडकं मत. पासाडिना, कडक ऊन, पेनल्टी बारवरून आकाशात, खाली मान घालून उभा असलेला तो माणूस. पुरावा म्हणून एवढं चित्र पुरेसं होतं. एका रात्री मी हे मत अशाच एका वादात ठोकून दिलं. समोरच्याने शांतपणे मोजून दाखवलं: बाज्जोच्या आधी बारेसी आणि मास्सारो यांच्याही पेनल्टी वाया गेल्या होत्या. बाज्जो उभा राहिला तेव्हा ब्राझील ३-२ ने पुढे होता आणि त्यांचा एक फटका अजून शिल्लक होता. त्याने गोल केला असता तरी चषक वाचलाच असता असं नाही. वर त्याने आणखी एक गोष्ट जोडली. बाद फेरीत अंतिम सामन्यापर्यंत इटलीने सहा गोल केले, त्यातले पाच बाज्जोचे, आणि अंतिम सामन्यात तो दुखऱ्या मांडीनिशी उतरला होता.

मी ते वाचलं. पुन्हा वाचलं. ‘बरोबर आहे तुमचं’ असं टाइप केलं. बोट पाठवण्याच्या बाणावर नेलं, तिथे ते थरथरलं, मग मी एकेक अक्षर मागे खोडत गेलो आणि त्या जागी लिहिलं: ‘मुद्दा तो नाहीच.’

मित्रांनो, या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे वाक्य ठेवा. कोपऱ्यात सापडलेल्या माणसासाठी भिंतीत दार काढून देणारं असं दुसरं वाक्य मराठीत नाही. तुम्हाला कोणी आकडे दाखवले, नियम दाखवला, तुमचीच मागच्या वर्षीची पोस्ट दाखवली, तरी मुद्दा तो नाहीच. मग मुद्दा काय आहे? तो प्रश्न समोरच्याला पडू द्या. तोवर तुम्ही पुढच्या विषयावर पोचलेले असता.

(पेनल्टीवरून आठवलं. जुलै २०२१ मध्ये युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या रॅशफर्ड, सँचो आणि साका यांच्या पेनल्टी हुकल्या. साका १९ वर्षांचा होता. त्या रात्री त्या तिघांच्या कातडीच्या रंगावरून जे लिहिलं गेलं, ते मी इथे शिकवणार नाही. त्याला शिकवणी लागत नाही, असं दिसलंच.)

तर पुढचा विषय. तो नेहमी जागतिक राजकारणाचाच असतो आणि तिथे जाणारा रस्ता ऑफसाइडवरून (बचावफळीच्या पुढे निघून पास घेण्याच्या चुकीवरून) जातो. मी बघितलेल्या एका वादात सुरुवातीला एका स्ट्रायकरच्या खांद्याची रेष होती. थोड्या वेळाने पंच कोणत्या देशाचा हे निघालं. मग त्या देशावर कोणाचं राज्य होतं ते निघालं, आणि झोपायच्या वेळेला दोघे जण सुएझ कालव्यावर भांडत होते. स्ट्रायकरचा खांदा कधीच मागे पडला होता, म्हणजे निदान तेव्हा तरी तो ऑफसाइड नव्हता.

या टप्प्यावर दोन दाखले खिशात असू द्या. फुटबॉल किती भयंकर आहे हे सांगायचं असेल तर १९६९: एल साल्वादोर आणि होंडुरास यांच्यात सामन्यावरून युद्ध पेटलं. जूनमध्ये विश्वचषक पात्रतेचे तीन सामने झाले, शेवटचा एल साल्वादोरने जादा वेळेत ३-२ जिंकला आणि १४ जुलैला तोफा धडाडल्या. कोणीतरी चिकित्सक मध्येच सांगेल की होंडुरासमध्ये लाखो साल्वादोरी स्थलांतरित शेती करून राहत होते, जमिनीच्या कायद्याने त्यांना हुसकावलं जात होतं, भडका आधीपासून धुमसत होता आणि चेंडू फक्त निमित्त झाला. त्याला सांगा, मुद्दा तो नाहीच. आणि फुटबॉल किती थोर आहे हे सांगायचं असेल तर २००५: आयव्हरी कोस्ट विश्वचषकाला पात्र ठरला, द्रोग्बा कॅमेऱ्यासमोर सहकाऱ्यांसह गुडघ्यावर बसला, शस्त्रं खाली ठेवा म्हणाला आणि यादवी थांबली. शांतता करार प्रत्यक्षात २००७ साली झाला आणि २०१०च्या निवडणुकीनंतर तिथे पुन्हा रक्तपात झाला, हे बोलणाऱ्यालाही तेच उत्तर. दोन्ही दाखले एकाच संध्याकाळी वापरले तरी हरकत नाही. कोणी ताळा करत नाही.

कधी अगदीच अडचण झाली तर उपदेश करा: ‘खेळात राजकारण आणू नका.’ हे त्यांचं राजकारण आलं की म्हणायचं. आपलं आलं की त्याला ‘भूमिका घेणं’ म्हणतात. फिफाचे सदस्य २११ आणि संयुक्त राष्ट्रांचे १९३, म्हणजे कोण देश आणि कोण नाही हा प्रश्न पहिल्या शिट्टीच्या आधीच मैदानात येऊन बसलेला असतो. १९९२ च्या युरोतून निर्बंधांपायी युगोस्लाव्हियाला काढलं, त्यांच्या जागी आयत्या वेळी डेन्मार्कला बोलावलं आणि डेन्मार्क चषक घेऊन घरी गेला. पण उपदेश करताना हे सगळं विसरायचं असतं.

हा उपदेश फिफाइतका मनापासून कोणीच पाळलेला नाही. सप्टेंबर १९७३ मध्ये चिलीत लष्कराने सत्ता बळकावली आणि सान्तियागोच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये हजारो माणसं कोंडली. तिथे छळ झाले, माणसं मारली गेली. त्याच मैदानावर सोव्हिएत संघाविरुद्ध विश्वचषक पात्रतेचा सामना व्हायचा होता. फिफाची माणसं पाहणीला आली. कैदी अजून तिथेच होते, पाहुण्यांच्या नजरेआड ठेवलेले. पाहुण्यांनी हिरवळ बघितली आणि सगळं ठीक असल्याचा अहवाल दिला. सोव्हिएत संघाने तिथे यायला नकार दिला. २१ नोव्हेंबरला चिलीचे खेळाडू एकटेच उतरले, एकमेकांना पास देत पुढे सरकले, आणि कर्णधार वाल्देसने रिकाम्या गोलात चेंडू ढकलला. समोर एकही माणूस नव्हता, तरी फलकावर गोल लागला. जमलेल्या लोकांसाठी मग ब्राझीलच्या सान्तोस क्लबशी मैत्रीचा सामना ठेवला होता. समोर खरोखरचा संघ आल्यावर चिली ५-० ने हरला.

मला हा प्रसंग आठवला की हसू येत नाही. पण तुम्हाला यातून तंत्र उचलायचंच असेल तर ते उघड आहे. समोरचा संघ नसलेला बरा. बाज्जोची पेनल्टी मोजून दाखवणाऱ्या त्या गृहस्थाला मी त्याच आठवड्यात ब्लॉक केलं. मग ऑफसाइडचा नियम तोंडपाठ असलेल्या एकाला, मग एका खऱ्याखुऱ्या फिजिओथेरपिस्टला. तिने फक्त ‘तुम्ही त्याचा एमआरआय बघितलाय का?’ एवढंच विचारलं होतं. हल्ली माझ्या पोस्टखाली फार सुंदर शांतता असते. मी गोल करतो, मीच टाळ्या वाजवतो. सान्तोसला अजून तरी कोणी बोलावलेलं नाही.

अजून ट्रान्सफरच्या अफवांबद्दल सांगायचं होतं, आणि आकडे फेकण्याबद्दल. एक्सजीच्या (फटक्याचा गोल होण्याची शक्यता मोजणाऱ्या आकड्याच्या) हिशोबात पेनल्टीसुद्धा साधारण पाऊणच गोल धरतात, हे कळल्यापासून तो विषय मला आवडेनासा झालाय. पण थांबा. पडद्यावर कोणीतरी पळता पळता मांडीच्या मागे हात लावून खाली बसलंय. फिजिओने बॅग उचलली. पाऊस जोराचा आहे, दोन्ही संघ चिखलाने माखलेत आणि जर्सीचा रंग काही केल्या दिसत नाहीये. एवढ्यात काही लिहू नका.