राग माझा, नाव साखरेचं

माझं वय २६, डायबेटिसचं ९. टाइप वन. सोसायटीच्या वॉचमनने चोर समजून सेक्रेटरीलाच बडवावं, तसं माझ्या रोगप्रतिकारशक्तीने स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींना संपवलं. यात श्रीखंडाचा काही हात नाही, हे दोन्ही आत्यांना सांगून थकले. त्यांचा संशय अजून श्रीखंडावरच आहे.

सुयांची सवय होते. पोळ्या मोजण्याचीही होते. सवय होत नाही ती एवढ्याचीच, की मला आलेला राग घरात कुणी माझा धरत नाही. भाऊ माझा चार्जर पळवतो, मी ओरडते, आणि तो शांतपणे ग्लुकोमीटर आणून ठेवतो. चार्जर नाहीच! रडले तर "वाढलीय वाटतं", हसले तर "आज कंट्रोलमध्ये आहे हं".

पंचाईत अशी की कधीकधी त्यांचं बरोबर असतं. शुगर ७०च्या खाली गेली की घाम फुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडतं, चिडचिड होते. आता सांगा, सकाळच्या डोंबिवली फास्टमध्ये चढलेल्या कुठल्या बाईला यातलं काही होत नाही?

परवा ठाण्याला चौथ्या सीटवरून एका काकूंशी जुंपली. मी थेट न्याय-अन्यायावर गेले, "बायकाच बायकांना..." इथवर आले आणि पुढचे शब्दच सापडेनात. तेव्हा ट्यूब पेटली. बोट टोचलं तर ५८. रक्ताचा थेंब बघून अख्खी सीट सरकली. (एवढी जागा मला भांडून कधीच मिळाली नव्हती.) तीन चमचे ग्लुकोज तोंडात कोंबलं आणि नियमाप्रमाणे १५ मिनिटं थांबले. घाटकोपर आलं तोवर ८९. काकूंनी पदराने माझ्या हनुवटीवरची पांढरी पावडर पुसली आणि मायेने विचारलं, "एवढ्या लहान वयात? कारल्याचा रस घेतेस ना?"

त्यानंतर आलेला राग ८९वरचा होता. नोंद असावी.

आई रात्री तीनला येऊन माझी मान चाचपते, घाम आलाय का बघायला. मी झोपेचं सोंग घेते. त्या वेळी जे काही होतं, त्याला आकडा नाही.

पण रविवारी तीच आई म्हणाली, "कांदेपोह्यांना येतायत ना, त्यांना इतक्यात काही सांगू नकोस." मी भडकले. भाऊ उठायच्या आत स्वतःच मशीन आणलं, सगळ्यांसमोर बोट टोचलं, मशीनच्या पट्टीवर थेंब टेकवला. १०८!

"बघ. नॉर्मल आहे. हा राग अस्सल माझा आहे."

आईने चष्मा लावला, आकडा नीट वाचला आणि पोह्यांवर खोबरं पेरत म्हणाली,

"पट्टी जुनी असेल."